पत्र्यावरचं जातं

पिंपरी,
१० फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप दादा,

एक प्रश्न घेऊन बसले आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. प्रश्न माझा नाही, आपल्या चाळीतल्या गोजाबाईचा आहे.

परवा ती आपल्या अंगणात धुणं वाळत घालत होती. मध्येच तिचा हात थांबला. तिने आधी आपल्या घराकडे पाहिलं, मग चाळीकडे, आणि मला विचारलं, “कुसुमताई, वारं एकच व्हतं ना? मग तुमचं छप्पर जागच्या जागी ऱ्हायलं अन् मपल्या खोलीचंच का गेलं?”

तिच्या आवाजात राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. पण तिने भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं. मी म्हणाले, वाऱ्याचं काय सांगावं. म्हणता म्हणता माझी मलाच लाज वाटली, कारण वर्गातल्या मुलांनी असलं उत्तर दिलं तर मी त्यांना पुन्हा उभं करते.

तुम्ही आळंदीला जाऊन राहिलात त्याला येत्या वैशाखात वर्ष होईल. इतक्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसले तर आई म्हणते, “बापाला कागद धाडतीस का चावडीला अर्ज?” म्हणून शक्य तितकं साधं लिहिते.

घरी बरं आहे. आईचे गुडघे थंडीत दुखत होते, आता कमी आहेत. माझ्याकडे तिसरीचा वर्ग आला. औषधाच्या कारखान्यात पुन्हा भरती निघाली आहे. बीड, नगर, सातारा, कुठकुठून माणसं येताहेत आणि ज्याच्याकडे म्हणून हातभर जागा आहे तो भाड्याच्या खोल्या काढतो आहे. दगड-मातीच्या भिंती, वर वासे, त्यावर पत्रे आणि पत्र्यांवर दगड. स्टेशनाकडून येताना हल्ली मी वर बघत येते. नुसते दगडच नाहीत. पिठाची गिरणी आल्यापासून घरोघरची जाती रिकामी झाली. टाकवत नाहीत, ठेवायला जागा नाही, आणि वजनाला तर उत्तम. म्हणून तीही पत्र्यांवर चढली आहेत. गोल, काळी, मध्ये भोक. आईचं जातं आपल्या चाळीवर चढलं होतं तशीच.

भिमाजी गेला त्याच खोलीत गोजाबाई अजून राहते. मी तिला म्हटलं होतं, दुसरी खोली घे, दादा नाही म्हणणार नाहीत. ती म्हणाली, “हितं त्यो मेला तसा हितंच त्यो हसला बी. म्या कशापायी जाऊ?” कारखान्याच्या बांधकामावर ती आता पाट्या वाहते. नवऱ्याच्या जागी काम द्या म्हणून रडत गेली नाही. मुकादमासमोर भरलेली पाटी उचलून चालून दाखवली. दादा, मी चार वर्षं पुण्याच्या कॉलेजात मोठमोठ्या माणसांची चरित्रं वाचली. पण अशी ताठ मान मी पुस्तकाबाहेर पहिल्यांदा पाहते आहे.

तुमचा राग मला ठाऊक आहे. फौजदारांनी पंचनामा लिहायला मला बसवलं. सगळे म्हणत होते, “देवाची करणी, एवढंच लिही.” मी ते लिहिलं आणि त्याखाली हेही लिहिलं की पत्रे बांधलेले नव्हते, वर सुटे दगड आणि जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, ठेवलेली होती, पत्रा उचलला गेल्यावर ती तळी झोपलेल्या भिमाजीच्या छातीवर आली. तुम्ही तिथेच उभे होता. त्याच आठवड्यात आळंदीचा रस्ता धरलात. गाव म्हणतं, शिकलेली पोर बापावर उलटली. पण मला कॉलेजात घालताना भावकी म्हणत होती, “पोरीला शिकवून काय मामलेदार करणार?” तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मी विसरलेले नाही. “मामलेदार न्हाई तर न्हाई. डोळ्याला दिसंल ते लिहाया तर येईल.”

मी तेवढंच केलं, दादा.

आता एक मागणं. पंचायतीने ठराव करावा, की गावात पत्र्याचं छप्पर घालायचं तर पत्रे आकड्यांनी वाशाला आणि वासे लोखंडाने भिंतीला बांधलेले हवेत, वर सुटा दगड नको. जुन्या छपरांनाही हे लागू. सरपंच यशवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “पोरी, तुझा बाप पंच आहे आणि चाळही त्याचीच आहे. त्याने हो म्हटलं तर बाकीचे मागे येतील. नाही म्हटलं तर मी एकटा काय करू?”

मला तुमचं हो हवं आहे. वळवाचा वारा सुटायच्या आत.

तुमची,
कुसुम


पिंपरी,
३ मार्च १९५७

तीर्थरूप दादा,

तुमचं उत्तर आलं नाही. तरी चावडीवर काय झालं ते तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी मीच कळवते.

यशवंतरावांनी मला सभेत ठराव वाचू दिला. त्याआधी मी कारखान्याची वसाहत बघून आले. गेल्या वर्षीचा वारा त्या घरांवरूनच आपल्याकडे आला होता आणि तिथला एक पत्रा हलला नव्हता. ओव्हरसिअरसाहेबांनी मला शिडीवर चढू दिलं. प्रत्येक पत्रा वाशाला आकड्याने आवळलेला. मी विचारलं, “हे नियमात आहे म्हणून करता का?” ते हसून म्हणाले, “बाई, नियमात नसतं तर ठेकेदाराने आकडे विकून जिलेबी खाल्ली असती.” मला त्या घरांचा हेवा वाटला नाही, आनंद झाला. कोणीतरी कुठेतरी बसून, कधी न पाहिलेल्या माणसांच्या झोपेचा विचार करून, एक ओळ लिहून ठेवली होती, आणि ती ओळ वाऱ्यात टिकली. त्यांच्या इंग्रजी पुस्तकातून मी ते सगळं उतरवून घेतलं आणि मराठी करून चावडीवर वाचलं.

वाचून झाल्यावर रंगरावकाका उठले. त्यांच्या खोल्या आता गावात सगळ्यांत जास्त. चाकणच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारावा तशा आवाजात म्हणाले, “यशवंतराव, त्यापरीस वाऱ्यालाच नोटीस काढा की. पंचायतीच्या परवानगीबिगर गावात शिरू नये म्हणावं!”

चावडी हसली.

“आज पत्र्याला आकडा म्हणतीया,” ते पुढे म्हणाले, “उद्या माझ्या टोपीला आकडा लाव म्हणंल.”

मी म्हणाले, “टोपी उडून कोणी मरत नाही, रंगरावकाका.”

रंगरावकाकांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. आणि या वेळी हळू आवाजात म्हणाले, “व्हय पोरी. पर दगड अजून तुझ्या बापाच्या चाळीवर बी हायेत. आदी तिकडं बघ. मग आमाला शिकीव.”

मी खाली बसले.

घरी येताना स्टेशनाजवळ बरकतभाई लोहारांच्या भट्टीपाशी थांबले. ते म्हणाले, “ताई, आकडे मी रात्रंदिवस करून देईन. पण घेणार कोण? लोक माझ्याकडे दगड वर चढवायला कप्पी मागायला येतात!” मग नमुन्याचा एक आकडा त्यांनी मला फुकट दिला. तो मी या पत्राबरोबर पाठवला असता, पण पाकिटाला जड झाला असता. आपल्या देवळीत ठेवला आहे.

कुसुम


पिंपरी,
२२ मार्च १९५७

तीर्थरूप दादा,

कार्ड मिळालं. “छपरास हात लावू नये. चावडीवर बोलू नये. आईस जपावे. अर्जुन.”

आईने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. शेवटी म्हणाली, “जपावं असं तर लिवलंय की.” आणि कार्ड डब्यात ठेवलं.

तुमची आज्ञा मोडायची मला सवय नाही. गप्प आहे. पण दुपारी शाळा सुटल्यावर अंगावर उन्हाची झळ येते आणि पश्चिमेकडे नकळत लक्ष जातं.

कुसुम


पिंपरी,
१८ एप्रिल १९५७

तीर्थरूप दादा,

चावडीवर मी बोलले नाही. बोलली ती आई. आणि चावडीवर नव्हे, हळदीच्या मांडवात.

रंगरावकाकांच्या धाकटीचं लग्न. हळद दळायला सवाष्णी बोलावल्या, आईला मान पहिला. गिरणीतून दळून आणलेली हळद चालत नाही, जात्यावरच दळावी लागते, आणि त्यांच्या घरचं जातं कुठे, तर त्यांच्या चाळीच्या पत्र्यावर. सकाळी गड्यांनी ते उतरवून आणलं, पुसलं, त्याला आंब्याचा डहाळा बांधला. आई पाटावर बसली. जात्याकडे पाहिलं. त्यावर पावसाने पत्र्याच्या गंजाचे डाग पडलेले, कडेला पाखरांची घाण वाळलेली. तिने खुंट्याला हात लावला नाही.

“ह्या जात्यावर मी हळद दळायची न्हाई.”

रंगरावकाकांच्या बायकोचा चेहरा उतरला. “का वो दुर्गाअक्का? धुतलंय की.”

“धुतलंस. पर वरीस-दीड वरीस लक्ष्मीला पत्रा दाबाया बसवलीस. कावळं बसलं तिच्यावर. अन् आता लेकीच्या हळदीला खाली बलावतीस? अन् लगीन झालं की पुन्यांदा वर?”

“मग काय करू?”

“पुन्यांदा वर चढवायची न्हाई म्हून देवाला सांग. माझ्यादेखत. मग दळते.”

बाकीच्या बायकांनीही हात मागे घेतले. गाणी थांबली. तिकडे ओट्यावर रंगरावकाकांना निरोप गेला तसे ते तरातरा आत आले. बायकांच्या घोळक्याबाहेरूनच म्हणाले, “अवो वैनी, मग पत्रं धरू कशानं? हातानं?”

आई मान वर न करता म्हणाली, “बरकतकडं आकडं हायेत म्हणं.”

“तुमचं जातं कुटं हाय ते सांगा की आदी!”

मला वाटलं, आता संपलं. पण आई शांतपणे म्हणाली, “माझं चौकीत हाय, भावजी. मुद्देमाल म्हून. शिपाई त्याच्यावर पाण्याची घागर ठेवतो म्हणं. त्याचा गुन्हा काय, त्ये अजून ठरायचं हाय.”

दादा, तुम्ही तिथे हवे होता. आईला सही करता येत नाही. मी ठरावाचं मराठी करताना पाच-पाच वेळा खोडलं, आणि तिने बसल्या जागेवरून तोच ठराव असा मांडला की कोणालाही तो परका वाटला नाही.

रंगरावकाकांच्या बायकोने देवापुढे हात जोडून सांगितलं. मग आईने खुंटा धरला.

चैत्र-वैशाखात ज्यांच्या घरी लग्न आहे त्या सगळ्या बाया दुसऱ्याच दिवशी कामाला लागल्या. आपल्या मांडवात दुर्गाकाकूंनी असं काही काढलं तर काय, या धाकाने जाती खाली येऊ लागली. शिडी एका घरून दुसऱ्या घरी फिरत होती. गोजाबाई बांधकामावरून सुटून तिथेच आली. चारचौघी तिच्याकडे पाहून गप्प झाल्या. तिला कळलंच. म्हणाली, “हळदीला म्या चालत न्हाई. पर जातं उतरवाया चालते न्हवं?”

आई पुढे झाली, आणि तिचा दंड धरून तिला शिडीच्या पायथ्याशी नेऊन उभं केलं.

“तू खालनं धर, गोजे. तुझ्या हाताला वजन म्हाईत हाय.”

त्या दिवशी भिमाजीच्या अंगावरून ती तळी गोजाबाईने एकटीने उचलली होती. आपण सगळे दारात उभे होतो. हे आईने मनात ठेवलं होतं, मला वाटत होतं फक्त मीच ठेवलं आहे.

संध्याकाळपर्यंत गोजाबाई खाली हात पसरून उभी होती. एकही जातं तिने जमिनीवर आपटू दिलं नाही.

कुसुम


पिंपरी,
२८ एप्रिल १९५७

तीर्थरूप दादा,

गोजाबाईच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं आहे. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं.

पुढच्या मांडवासाठी आपलं मुसळ मागायला आले म्हणून आईने मला माळ्यावर पाठवलं. मी लहानपणापासून त्या माळ्यावर चढते, पण डोक्यावर काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. आता मला वर बघायची सवय लागली आहे. प्रत्येक वाशावरून लोखंडाची जाड पट्टी आलेली आहे, वाशाला मिठी मारावी तशी वळवून थेट भिंतीच्या पोटात गेलेली आहे. पत्रे खालून आवळलेले. ओव्हरसिअरसाहेबांच्या घरांपेक्षा हे काम जाड आहे. मी एका पट्टीला लोंबकळून पाहिलं. माझा हात दुखला, पट्टीला काही झालं नाही. आणि आपल्या घरावर एकही दगड नाही, हेही या वयात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

खाली येऊन आईला विचारलं. ती गवार मोडत होती.

“तू पाळण्यात व्हतीस,” ती म्हणाली. “वळवानं छप्पर उचाललं. मागनं दिसलं तर पाळण्यावर आभाळ. तुझं दादा पाळण्यावर उपडं पडून ऱ्हायलं व्हतं. पाठ गारांनी काळीनिळी झाली. दुसऱ्या दिशी त्यांनी गाडीचं चाक मोडलं.”

“मोडलं?”

“चांगलं चाक व्हतं गं. त्याची लोखंडी धाव काढली, लोहाराकडनं तिच्या पट्ट्या पाडून घेतल्या, अन् छप्पर बांधलं. गावात नवी गाडी व्हती आपली. लोक म्हणं, येडा झाला, गाडीचं छप्पर केलं.”

दुसऱ्या चाकाची धाव अजून गोठ्यात खुंटीला आहे. दर दसऱ्याला तुम्ही तिला झेंडूची फुलं वाहता. मी लहान असताना विचारलं होतं की गाडी नाही तर चाकाची पूजा कशाला. तुम्ही म्हणाला होता, “असू दे. लागंल कवातरी.”

मी गवार पुढे ओढून घेतली आणि आईबरोबर मोडायला लागले. मोडता मोडता विचारलं, “मग चाळीला का नाही बांधलं?”

आईने हातातली शेंग मोडली. शेंगांच्या शिरा एकीकडे सारल्या. म्हणाली, “म्या इचारलं व्हतं. म्हणालं, ते भाड्याचं हाय.”

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. गोजाबाईलाही नाही. तिला काय सांगू, ते अजून ठरत नाही. पण मला वाटतं, तुम्ही आळंदीला माझ्यावर रागावून गेला नाहीत. पंचनाम्यात मी लिहिलं ते तुम्हाला माझ्या आधी ठाऊक होतं.

दादा, मी तुम्हाला बोल लावायला हे लिहीत नाही. पाळण्यावर उपडा पडलेला माणूस मला माळ्यावर दिसला, आणि तो माझा बाप आहे म्हणून मला इतका अभिमान वाटला की तिथेच मुसळाला टेकून मी बसून राहिले.

मग ठराव पुन्हा लिहिला. पहिला इंग्रजी पुस्तकावरून केला होता, तो कोणाच्या डोक्यात शिरत नव्हता. हा माळ्यावर बसून, वर बघत लिहिला. वाशाला किती जाड पट्टी, ती भिंतीत किती खोल, पत्र्याला आकडा कसा, सगळं आपल्या छपरावरून. आणि सुरुवातीला एकच वाक्य घातलं: मालक राहतो त्या घराचं छप्पर जसं बांधलेलं असेल, तसंच भाडेकरू राहतो त्या खोलीचं असलं पाहिजे.

काल यशवंतरावांनी तो चावडीवर वाचला. मी बायकांच्या बाजूला गप्प बसले होते, तुमच्या आज्ञेप्रमाणे. पहिलं वाक्य ऐकून रंगरावकाकांनी मान वर केली.

“हे कुणी लिवलं?”

तेवढ्यापुरती मी बोलले. म्हणाले, “हे छप्पर अर्जुनरावांनी बांधलं. मी फक्त उतरवून घेतलं.”

ते खोटं नव्हतं.

रंगरावकाका म्हणाले, “अर्जुनरावचं असंल तर मी न्हाई म्हणत न्हाई. जाती तर तशी बी बायकांनी उतरवली. पर पैली अर्जुनरावचीच चाळ. तिच्यावरला दगड खाली येऊ दे, मग माझा अंगठा घ्या. तवर ह्यो कागद कोराच.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. यशवंतरावांनी पुढच्या पौर्णिमेनंतरची सभा नेमली. तोवर चाळ बांधून झाली नाही, तर ठराव बासनात जाणार. मंजुरीसाठी मामलेदार कचेरीपर्यंत पोचणारच नाही.

दादा, आता गावात अशी कितीतरी छपरं आहेत ज्यांच्यावरची जाती उतरली आहेत आणि आकडे अजून बसलेले नाहीत. माणसं एकमेकांकडे बघत थांबली आहेत. सगळी आपल्याकडे बघताहेत. अशा वेळी वारा आला तर गेल्या वर्षीपेक्षा वाईट होईल, आणि त्याला कारण आम्ही बायका ठरू.

तुमचं छप्पर आहे. तुम्ही या, किंवा हो म्हणा. एवढंच.

कुसुम


पिंपरी,
१४ मे १९५७

तीर्थरूप दादा,

तुमचा निरोप आळंदीहून येणाऱ्या दूधवाल्याने सांगितला. “हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. छप्पर तसंच राहू दे.” आईने त्याला ताक दिलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

गेल्या आठवड्यात, रविवारी सकाळी, पश्चिमेला घोरवडेश्वराच्या डोंगरामागे आभाळ जांभळं झालं. पाऊस आला नाही. वाऱ्याची एक झुळूक मात्र आली, आणि चाळीच्या शेवटच्या खोलीवरचा पत्रा वाजला. गोजाबाई दारात बसून भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही. परातीवर पदर धरला, धूळ पडू नये म्हणून, आणि थापत राहिली. मी तिथे उभी राहून तो पत्रा वाजणं थांबेपर्यंत ऐकलं. मग सरळ स्टेशनाकडे बरकतभाईंच्या भट्टीवर गेले.

ते म्हणाले, “अर्जुनरावांचा निरोप आला?”

मी म्हणाले, “निरोप आला. काम उद्यापासून करू.”

त्यांनी भाता थांबवून माझ्याकडे पाहिलं. “ताई, तुमचा बाप माझ्या बापाचा दोस्त. परत आल्यावर मला भट्टीत घालेल.”

“आधी मला घालतील. तोवर तुम्हाला पळायला वेळ मिळेल.”

ते हसले आणि पहाटेपासून लागतो म्हणाले.

चाळीतल्या माणसांनी आपापलं सामान अंगणात आणून ठेवलं. रात्रपाळीहून आलेले लोक झोपायचे सोडून वर चढले. रंगरावकाका ओट्यावर येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन गडी मदतीला आले. आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. सगळे दगड खाली आले. बायकांनी ते नळाजवळ अंथरले. आता धुणं धुताना तिथे चिखल होत नाही.

भिंतीच्या पोटात पट्ट्या बसवायला दगड सैल करावे लागले. मला फार भीती वाटली. तुमची भिंत आहे आणि तुम्ही इथे नाही. पण बरकतभाई म्हणाले, भिंत घट्ट आहे, बांधणाऱ्याने भिंतीत हात आखडता घेतला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते खरं आहे आणि तुम्हाला कोणी सांगणार नाही.

काल दुपारी लोखंड संपलं. सगळ्या खोल्या झाल्या होत्या आणि राहिली होती फक्त शेवटची, गोजाबाईची. बरकतभाई म्हणाले, खडकीहून माल यायला आठवडा लागेल. गोजाबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की. म्या सवयीची हाय.”

हे ऐकल्यावर मी गोठ्यात गेले. खुंटीवरून धाव उतरवायला ताकद लागते, मला एकटीला ती पेलेना. मागे वळले तर आई उभी होती. आम्ही दोघींनी मिळून ती काढली आणि अंगणातून घरंगळत नेली. गेल्या दसऱ्याच्या झेंडूचा वाळका दोरा अजून तिला होता. आईने तो सोडवला आणि कनवटीला खोचला.

बरकतभाईंनी धाव ओळखली. त्यांच्या वडिलांनीच पहिली कापली होती. ते म्हणाले, “ही कापू? नक्की?”

मी गोजाबाईकडे पाहिलं. ती आईकडे बघत होती. तिला एव्हाना कळलं होतं की आपल्या घराचं छप्पर कशाने राहिलं. मी सांगितलं नव्हतं. चाळीच्या पट्ट्या बसताना ती दिवसभर खाली उभी होती, आणि आपल्या माळ्यावरून आईने तिला मुसळ आणायला दोनदा पाठवलं होतं. तिने मला काही विचारलं नाही. आता विचारेल असंही वाटत नाही.

दादा, उद्या सभा आहे, म्हणून हे पत्र टपालाने न धाडता दूधवाल्याच्या हाती देते. ठराव माझ्या हातात आहे आणि रंगरावकाकांनी सकाळीच अंगठ्याला शाई मागवली आहे. तुमच्या जागेवर कोणी बसणार नाही, ती यशवंतराव मोकळी ठेवणार आहेत. यायचं असेल तर आळंदीहून सकाळची एस.टी. आहे.

नाही आलात तरी चालेल. तुम्ही म्हणाला होता, लागेल कधीतरी.

धाव काल संध्याकाळी कापली. ती आता गोजाबाईच्या खोलीवर आहे.

कुसुम